क्रीतानुशय आणि छाट : ग्राहक सदैव बरोबर असतो काय ?

(१) विषयप्रवेश

ग्राहक कधींहि चुकत नाहीं, हें वचन अलीकडे व्यापाऱ्यांच्या तोंडीं इतकें रुळलें आहे कीं, त्याचें मूळ कोठलें आणि त्याची मर्यादा कोणती, हें विचारण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. पेढ्यांच्या व दुकानांच्या भिंतींवर याच अर्थाचा एक उतारा चौकटींत बसवून टांगलेला आढळतो. ग्राहक आपणांवर अवलंबून नसून आपणच त्याजवर अवलंबून आहों, असा त्याचा मथितार्थ असून खालीं महात्मा गांधींचें नांव असतें. कित्येक ठिकाणीं तर दक्षिण आफ्रिकेंतील भाषण, सन १८९०, असा स्थलकालनिर्देशहि केलेला असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यास एवढा निर्देश पुरेसा आहे. सन १८९० मध्यें गांधी लंडन येथें कायद्याचा अभ्यास करीत होते. दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर त्यांनीं प्रथम पाऊल ठेविलें तें १८९३ मध्यें. त्या मजकुराशीं जुळणारें लिखाण सांपडतें तें १९४१ च्या सुमाराचें, आणि तें अमेरिकेंतील एका मोटार-कारखान्याच्या अधिकाऱ्याच्या नांवावर. अर्थात् महात्म्याच्या नांवाचें हें वचन निराधार आहे.

मूळ म्हण पाश्चात्य मोठ्या दुकानदारांची आहे. शिकागो शहरांतील मार्शल फील्ड व त्याच्याच पेढीवर तयार होऊन पुढें १९०९ मध्यें लंडनमध्यें स्वतःचें भव्य दुकान उघडणारा सेल्फ्रिज यांच्याशीं ती जोडली जाते. पॅरिसांत खाणावळी चालविणारा रिट्झ याच्या नांवावरहि तिचें एक रूप सांगतात. योगायोग असा कीं, ज्या १९०९ सालीं सेल्फ्रिजचें दुकान उघडलें, त्याच सालीं म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं कौटिलीय अर्थशास्त्राची पहिली मुद्रित प्रत प्रसिद्ध केली. त्या ग्रंथांत ग्राहक व विक्रेता यांच्या परस्पर अधिकारांचा जो विचार आहे, तो वरील म्हणीहून फार निराळा आहे.

तो विचार काय आहे, आणि भंडारा जिल्ह्यांतील नाकाडोंगरीच्या परिसरांत चालत आलेल्या धंद्यांस लावून पाहिल्यास त्यांतून काय निष्पन्न होतें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(२) शास्त्रकारांचें मत

क्रयविक्रयांतून उद्भवणाऱ्या तंट्यांस धर्मशास्त्रकारांनीं अठरा व्यवहारपदांत स्वतंत्र स्थान दिलें आहे. मनु त्यास क्रयविक्रयानुशय म्हणतो. नारद त्याचे दोन भाग करितो : विकून माल न देणें तें विक्रीयासंप्रदान, व विकत घेऊन पश्चात्ताप पावणें तें क्रीतानुशय. अनुशय म्हणजे मागाहून होणारी हळहळ. व्यवहार पुरा झाल्यावर मन फिरलें तर काय करावें, हा या पदाचा प्रश्न होय.

मनूचें उत्तर असें कीं, दहा दिवसांचे आंत घेणाऱ्यानें वस्तु परत द्यावी, अथवा विकणाऱ्यानें ती परत घ्यावी. दहा दिवस लोटल्यावर तो अधिकार दोघांसहि राहत नाहीं, आणि बळेंच देणारा वा घेणारा दंडास पात्र होतो. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हळहळण्याचा अधिकार एकट्या ग्राहकास दिलेला नाहीं. कौटिल्य तर विक्रेत्याचा व ग्राहकाचा अनुशय समान आहे, असें स्पष्टच सांगतो. त्याच्या मतें व्यापाऱ्यांस एक रात्र, शेतकऱ्यांस तीन रात्री व गोपालकांस पांच रात्री एवढी मुदत असते. विकून माल न देणारा व विकत घेऊन माल न उचलणारा, या दोघांसहि तो बारा पण असा एकच दंड सांगतो. या दंडास तो तीन अपवाद ठेवितो : मालांत दोष असणें, राजा, चोर, अग्नि वा जल यांपासून बाध होणें, आणि व्यवहार मुळांतच असह्य असणें. असह्य म्हणजे काय, तर वस्तु फारच गुणहीन असणें, किंवा तो व्यवहार आर्तानें, म्हणजे पीडित अवस्थेंतील मनुष्यानें केलेला असणें. विक्रेता निकडींत सांपडला असेल, तर त्याच्या होकारास पूर्ण होकार मानूं नये, हें तत्त्व या एका शब्दांत सांठविलेलें आहे.

नारद अधिक बारकाईनें लिहितो. ग्राहकानें घेण्यापूर्वीं वस्तु स्वतः पारखावी, दुसऱ्यांसहि दाखवावी, आणि पारखून पसंत केल्यावर ती परत करूं नये. न पारखतां घेतली व पसंत पडली नाहीं, तर त्याच दिवशीं जशीच्या तशी परत करावी. दुसऱ्या दिवशीं परत केल्यास किंमतीचा तिसावा भाग सोडावा, तिसऱ्या दिवशीं त्याच्या दुप्पट. त्यापुढें ती वस्तु घेणाऱ्याचीच. जशीच्या तशी, या अटीस विशेष महत्त्व आहे. वापरून मळविलेलें वस्त्र फिरवून देण्याची मुभा शास्त्र देत नाहीं.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत या विषयाचे पांच श्लोक लागोपाठ आले आहेत, व त्यांचा क्रमच बोधप्रद आहे. पहिल्यांत परीक्षेच्या मुदती आहेत : बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. बियाणें उगवून पाहावें लागतें, गाय दोनचार वेळां पिळून पाहावी लागते. वस्तूचा गुण प्रत्ययास येण्यास जेवढा काळ लागतो, तेवढीच ही मुदत आहे. या यादींत दासदासींचाहि समावेश आहे, हें त्या काळाचें वैगुण्य येथें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. पुढील श्लोकांत धातु विस्तवांत घातल्यावर किती घटते तें सांगितलें आहे : सोनें घटत नाहीं, शंभर पलांमागें रुपें दोन, कथील व शिसें आठ, तांबें पांच आणि लोखंड दहा पलें घटतें. नंतरच्या दोन श्लोकांत सूत विणल्यावर वजनांत होणारी वाढ व नक्षीकामांत येणारी तूट दिली आहे. म्हणजे कारागिरास कच्चा माल देऊन वस्तु घडवून घेणाऱ्यानें किती तूट मुकाट्यानें सोसावी, तें शास्त्रानें आंकड्यांनिशीं ठरवून टाकिलें आहे. शंभर पलें तांबें देऊन शंभर पलांचें भांडें मागणारा ग्राहक याज्ञवल्क्याच्या मतें बरोबर नाहीं. पितळी भांड्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या भंडारा शहरांतील कोणताहि जुना कारागीर यास साक्ष देईल.

पांचव्या श्लोकांत या सर्वांचा कळस आहे. वस्तु बिघडली व तंटा पडला, तर देश, काल, उपभोग आणि वस्तूचें बलाबल पाहून त्या त्या मालाचे जाणकार जें सांगतील, तें निःसंशय देववावें. निर्णय ग्राहकाचा नाहीं, विक्रेत्याचाहि नाहीं. तो कुशलांचा, म्हणजे तिऱ्हाइत जाणकारांचा आहे. या स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कारकीर्दींत कल्याणी येथें, म्हणजे हल्लींच्या बसवकल्याण येथें, विज्ञानेश्वरानें रचिली, आणि महाराष्ट्रांत ती व्यवहारशास्त्राचा प्रमाणग्रंथ म्हणून शतकानुशतकें मानली गेली. तेव्हां हा विचार आमच्या प्रांतास परका नाहीं.

या वचनांतून चार नियम निघतात. पहिला, माल नाकारण्यास मुदत असते. दुसरा, नाकारलेला माल जसाच्या तसा परत द्यावा लागतो. तिसरा, कारागिरीच्या मालांत कांहीं तूट गृहीतच धरावी लागते. चौथा, तंट्यांत स्वतः पक्षकार असलेल्यानें निवाडा करावयाचा नसतो. पुढील विवेचनास हे चार नियम पुरेसे आहेत.

(३) ग्राहक जेव्हां बलवान असतो

वरील वचनें वाचतांना डोळ्यांपुढें येतो तो साधा ग्राहक व कदाचित् लबाड असा दुकानदार. खोटीं वजनें, भेसळ, साठेबाजी यांविरुद्ध स्मृतींत दंड आहेतच; मनु वजनेंमापें सहा सहा महिन्यांनीं तपासावयास सांगतो. पेशवाईंत पुण्याच्या कोतवालाकडे वजनेंमापें व बाजारनिरख यांवर नजर ठेवण्याचें काम होतें, आणि पेठांतून शेटे व महाजन हे वतनदार व्यापाराच्या तंट्यांत लक्ष घालीत. या व्यवस्था मुख्यतः ग्राहकाच्या रक्षणार्थ होत्या, व त्या योग्यच होत्या.

परंतु ग्राहक नेहमींच दुर्बळ नसतो. याचें आमच्या इतिहासांतील सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांचें चिपळूणनजीकच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांस सन १६७३-७४ मधील पत्र. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणावैरण आधींच उधळला, तर पुढें घोडीं मरतील आणि शिपाई रयतेस उपद्रव देऊं लागतील. कोणी कुणब्याचें धान्य, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी घेऊन येतील. मग रयतेस मोगलांपेक्षां हेच अधिक वाईट असें वाटेल, हें त्यांत बजाविलें आहे. जें लागेल तें बाजारांतून दाम देऊन विकत आणावें, कोणावर जुलूम करूं नये, अशी आज्ञा आहे.

हें पत्र रयतेच्या कळवळ्याचें म्हणून सर्वत्र वाचलें जातें, आणि तें तसें आहेच. पण व्यापारशास्त्राच्या दृष्टीनेंहि तें महत्त्वाचें आहे. तेथें शिपाई हा ग्राहक असून कुणबी हा विक्रेता आहे, आणि ग्राहकाच्या कमरेस तरवार आहे. अशा ठिकाणीं ग्राहक म्हणेल तें बरोबर, असें मानणें म्हणजे लुटीस व्यापाराचें नांव देणें होय. म्हणून राजाज्ञेचा अंकुश येथें ग्राहकावर आहे. दोघांत बलवान कोण, हें पाहून नियम कोणाच्या बाजूनें उभा राहावा तें ठरतें, हा या पत्राचा धडा आहे.

तरवारीची जागा पुढील काळांत भांडवलानें घेतली. त्याचें उदाहरण आतां आमच्या घराजवळचें पाहूं.

(४) नाकाडोंगरीच्या परिसरांतील दोन धंदे

नाकाडोंगरी हें तुमसर तालुक्यांत, मध्यप्रदेशाच्या सीमेनजीक वसलेलें गांव. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत मोडणारा हा मुलूख १८५३-५४ मध्यें इंग्रजांनीं खालसा केला. पुढें तो मध्यप्रांतांत राहिला, १९५६ मध्यें द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. भात, जंगल आणि खाणी या तीन गोष्टींवर येथील संसार चालत आला आहे. जवळच डोंगरी बुजुर्ग व चिखला येथें मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची खाण उघड्या खोदाईची असून तेथील मँगनीज-डाय-ऑक्साइड विजेऱ्यांच्या धंद्यांत वापरलें जातें.

धातुकाच्या व्यापाराची रीत मोठी शिस्तीची आहे. धातुकाची किंमत त्यांतील मँगनीजच्या शेकडा प्रमाणावर, व फॉस्फरस, सिलिका इत्यादि नको असलेल्या द्रव्यांवर अवलंबून असते. म्हणून ढिगांतून रीतसर नमुना घेऊन त्याचे भाग करण्याची चाल या व्यापारांत पडली आहे : एक विकणाऱ्यासाठीं, एक घेणाऱ्यासाठीं, व एक मोहोरबंद करून तिऱ्हाइत परीक्षकासाठीं. दोघांच्या पृथक्करणांत मेळ बसला नाहीं, तर तिसरा नमुना फोडावयाचा व त्यावरून निकाल लावावयाचा. याज्ञवल्क्याचे ‘कुशल’ येथें प्रयोगशाळेच्या रूपानें उभे आहेत. येथें ग्राहक मोठा असला तरी तो सदैव बरोबर नसतो, कारण विकणाराहि तितकाच मोठा असतो.

दुसरा धंदा विडीचा. भंडारा जिल्ह्यांतील तेंदूचीं पानें व विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे हात यांवर गेल्या शतकांत मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. कारखानदार सट्टेदारास, म्हणजे मधल्या ठेकेदारास, तंबाखू व पानें देतो. सट्टेदार तीं गांवोगांवच्या घरीं वांटतो. स्त्रिया पानें भिजवून, मापानें कापून, सुपांत तंबाखू घेऊन विड्या वळतात, व हजारामागें ठरलेल्या दरानें त्यांस दाम मिळतात. वळलेल्या विड्या सट्टेदाराच्या पुढें ठेवावयाच्या. तो मुठीमुठीनें चाळून त्यांतील कांहीं वगळतो. या वगळलेल्या विड्यांस छाट म्हणतात. छाटेचे दाम मिळत नाहींत.

प्रस्तुत लेखक शाळेंत संस्कृत शिकवीत असतांची एक गोष्ट येथें सांगणें अवश्य आहे. एका विद्यार्थिनीची आई हिशेबाची वही घेऊन घरीं आली. हजार विड्या दिल्या होत्या, दाम नऊशांचे लागले होते. बेरजेंत चूक आहे काय, तें पाहून द्यावें, एवढेंच तिचें म्हणणें होतें. बेरीज बरोबर होती. शंभर विड्या छाटेंत गेल्या होत्या. तसें सांगतांच ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “गुरुजी, त्या खराब होत्या तं मले वापस काहून नाही देल्या ?” तिला अक्षरओळख बेताचीच होती. परंतु नारदानें घातलेली अट, नाकारलेली वस्तु जशीच्या तशी परत करावी ही, तिनें एका वाक्यांत उच्चारली होती. वर्गांत ज्या शब्दावर आम्ही व्याकरणाचे घटकान् घटका घालवीत असूं, त्या अनुशय शब्दाचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं कळला.

(५) पूर्वपक्ष व त्याचें परीक्षण

कारखानदाराची बाजू ऐकल्यावांचून निवाडा करणें अन्यायाचें होईल. तो म्हणेल, विडी आंखूड निघते, सैल वळली जाते, तंबाखू कमी भरला जातो. कित्येकदां दिलेल्या तंबाखूंतून थोडा मागें ठेविलाहि जातो. हलका माल बाजारांत गेला तर पेढीच्या छापाचें नांव बुडतें, आणि शेवटचा ग्राहक, म्हणजे विडी ओढणारा, आम्हांसच दोष देतो. तेव्हां माल निवडून घेण्याचा अधिकार आम्हांस असलाच पाहिजे. विडी ओढणाऱ्याच्या प्रकृतीचा प्रश्न निराळा व गंभीर आहे. पण धंद्यापुरतें पाहतां या म्हणण्यांत तथ्य आहे. पारखण्याचा अधिकार शास्त्रहि मान्य करितें. वाद पारखण्याविषयीं नाहीं. पारखणारा कोण, व नाकारलेल्या मालाचें काय होतें, याविषयीं आहे.

वरील चार नियमांची कसोटी लावून पाहूं. मुदतीचा नियम येथें मोडत नाहीं. पारख तेव्हांच होते. दुसरा नियम मात्र मोडतो, कारण छाट काढलेल्या विड्या जेथें परत मिळत नाहींत, तेथें वळणारीचे श्रमहि जातात व वस्तूहि जाते. तिसरा मोडतो, कारण पान फाटकें किंवा किडकें दिलें असतां होणारी तूट वळणारीच्या माथीं बसते. तांब्याच्या कारागिरास शेकडा पांच पलांची जी सवलत याज्ञवल्क्यानें दिली, ती हिला नाहीं. चौथा तर समूळ मोडतो, कारण घेणारा तोच परीक्षक असून तोच न्यायाधीश आहे. शेजारच्या खाणींतील दगडास तिऱ्हाइत परीक्षक मिळतो. माणसाच्या हातच्या कामास तो मिळत नाहीं.

याहून सूक्ष्म असा एक दोष आहे. हा व्यवहार नेमका कोणता ? विक्री म्हणावी, तर नाकारलेली विडी विकणारीचीच राहिली, ती तिला मिळाली पाहिजे. मजुरी म्हणावी, तर माल प्रथमपासून मालकाचाच आहे, तो ठेवण्यास त्यास अधिकार आहे. पण मग केलेल्या कामाचें वेतन दिलें पाहिजे, कारण वेतन न देणें हें स्वतंत्र व्यवहारपद आहे. दाम नाकारतांना आपण ग्राहक आहों असें म्हणावयाचें, आणि छाट ठेवून घेतांना आपण मालक आहों असें म्हणावयाचें, यास आमच्या शास्त्रांत अर्धजरतीय न्याय म्हणतात. एकाच वस्तूचा सोयीचा अर्धा भाग घ्यावयाचा व गैरसोयीचा अर्धा टाकावयाचा, हें तर्कास मान्य नाहीं व न्यायासहि नाहीं.

इंग्रजी अमलांत झालेला १९३० चा मालविक्रीचा कायदाहि येथें नारदाशींच जुळतो. नाकारलेला माल विक्रेत्याच्या घरीं पोंचविण्याचें ओझें तो ग्राहकावर टाकीत नाहीं. नकार कळविला म्हणजे पुरे. परंतु विक्रेत्याच्या स्वामित्वाशीं विसंगत असें कांहीं कृत्य ग्राहकानें त्या मालाविषयीं केलें, तर त्यानें माल स्वीकारला असेंच तो कायदा समजतो. छाट म्हणून काढलेली विडी घेणाऱ्यानें आपलीशी केली, तर विक्रीच्या न्यायानें ती स्वीकारलेलीच ठरते, आणि तिचे दाम देणें प्राप्त होतें.

(६) न्यायालयें व कायदे

विडीचा व्यवहार विक्री कीं मजुरी, हा प्रश्न केवळ पंडिती नाहीं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढें तो वारंवार गेला, व तोहि बहुतांशीं आमच्या आसपासच्या मुलुखांतून. सन १९५८ च्या चिंतामणराव विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या सागरच्या दाव्यांत, सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार होत, ते व त्यांचे मजूर कारखान्याचे कामगार नव्हत, असें ठरलें. त्यानंतर १९६१ च्या न्यायसंग्रहांत नोंदलेला नागपूरचा बिर्धीचंद शर्मा यांचा दावा आला. तेथें वळणारे कारखान्यांत बसून काम करीत, पण येण्याजाण्यास मोकळे असून त्यांस दाम नगावर मिळत. मालकाचें म्हणणें, हे कामगारच नव्हत. न्यायालयानें तें मानलें नाहीं. ठराविक प्रतीची न उतरलेली विडी नाकारण्याचा मालकाचा अधिकार हीच त्याच्या नियंत्रणाची खूण होय, असें त्या निर्णयाचें एक मुख्य अंग आहे. १९६२ मध्यें महाराष्ट्रांतील दुसऱ्या एका दाव्यांत बहुमतानें उलट निकाल झाला. कारण दोन्हीकडील वस्तुस्थिति निराळी होती.

नागपूरच्या दाव्यांतील विचारसरणी अभ्यासकांनीं मननीय मानावी. ज्या अधिकाराच्या आधारें घेणारा स्वतःस ग्राहक म्हणवितो, तोच अधिकार पुरेसा कडक झाला म्हणजे त्यास मालक बनवितो. सदैव बरोबर असणारा ग्राहक शेवटीं ग्राहक राहतच नाहीं. तो धनी होतो, आणि धन्याचीं कर्तव्यें त्याजवर येऊन पडतात.

या गोंधळाचा शेवट करण्याचा यत्न १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानें केला. घरीं बसून वळणाऱ्यांसहि त्यानें आपल्या कक्षेंत घेतलें. कच्चा माल देणें, विडी नाकारणें व नाकारलेल्या विडीचे दाम, या तीन गोष्टींवरील तंटे सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्यानें संक्षिप्त रीतीनें मिटवावे, असें त्यांत कलम होतें. महाराष्ट्र व म्हैसूर राज्यांच्या नियमांत साधारणतः शेकडा ५ हून अधिक छाट काढूं नये अशी मर्यादा घातली गेली. कारखानदारांनीं कायद्यास आव्हान दिलें. परंतु १९७४ च्या मंगलोर गणेश विडी वर्क्सच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला. पुढें २०२० च्या कामगारविषयक संहितेंत तो समाविष्ट करण्यांत आला. शेकडा पांचाची मर्यादा व तिऱ्हाइत अधिकारी, हे दोन्ही नियम पाहिले म्हणजे याज्ञवल्क्याच्या तांब्याची शेकडा पांच पलांची तूट व त्याचे कुशल आठवल्यावांचून राहत नाहींत. नियम करणाऱ्यांनीं स्मृति उघडून पाहिली असेल असें मुळींच नाहीं. सारख्या अन्यायास सारखेंच औषध सुचतें, एवढेंच त्यावरून म्हणतां येईल.

नियमाच्या पुस्तकांतील मर्यादा आणि सट्टेदाराच्या ओसरीवरील मूठ यांत अंतर राहतें, हें येथें मान्य केलें पाहिजे. तक्रार करणारीस दुसऱ्या दिवशीं पानें मिळालीं नाहींत, तर तिची तक्रार तेथेंच संपते. कौटिल्यानें आर्तकृत हा शब्द घातला तो अशाच प्रसंगासाठीं.

ग्राहकाच्या बाजूनें महाराष्ट्रांत झालेलें कार्य यामुळें कमी ठरत नाहीं. पुण्यास १९७४ मध्यें बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत स्थापिली, १९७५ मध्यें मुंबई ग्राहक पंचायत निघाली, व १९८६ मध्यें ग्राहकसंरक्षणाचा कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्यानें घेतली. परंतु या कायद्यांनींहि ग्राहकास सदैव बरोबर मानलेलें नाहीं. पुन्हां विकण्यासाठीं वा व्यापारी हेतूनें माल घेणाऱ्यास त्यांनीं ग्राहक या संज्ञेंतूनच वगळलें. आणि १९८६ च्या कायद्यांत तर खोडसाळ तक्रार करणाऱ्यावर दहा हजार रुपयांपर्यंत खर्च बसविण्याची तरतूदहि होती. ज्यास संरक्षणाची गरज आहे तोच त्यांच्या मतें ग्राहक. विडीचा कारखानदार त्या व्याख्येंत बसत नाहीं.

(७) उपसंहार

मीमांसकांनीं वाक्यांचे विधि व अर्थवाद असे भेद केले आहेत. विधि कर्तव्य सांगतो. अर्थवाद स्तुतीनें मन वळवितो, त्याचा शब्दशः अर्थ घ्यावयाचा नसतो. ग्राहक सदैव बरोबर असतो, हें वाक्य अर्थवाद आहे. दुकानदारानें आपल्या नोकरांस सौजन्य शिकविण्यासाठीं तें उच्चारलें, व स्वतःच्या लाभावर स्वतःच अंकुश घातला, तर तें शोभतें. कारण तेथें समर्थ मनुष्य आपण होऊन पडतें घेत आहे. तेंच वाक्य विधि समजून समर्थ ग्राहकानें दुर्बळ विक्रेत्यास ऐकविलें, म्हणजे स्तुतीचें रूपांतर दंडांत होतें.

विधि काय, तें शास्त्रकारांनीं सांगून ठेविलें आहे : माल पारखून घ्यावा, वेळेवर नाकारावा, नाकारला तर परत द्यावा, कामाची साहजिक तूट सोसावी, आणि वाद पडला तर निर्णय तिऱ्हाइत जाणकारावर सोंपवावा. हा विधि दुकानांत आलेल्या गरीब गिऱ्हाइकास जसा तारक आहे, तसाच सूप मांडीवर घेऊन बसलेल्या विक्रेतीसहि आहे.

ती वही आम्हीं त्या दिवशीं परत केली, ती बेरीज बरोबर आहे असें सांगून. तिच्या प्रश्नास त्या वेळीं आम्हांकडून उत्तर गेलें नाहीं. तें उत्तर मनु, नारद, याज्ञवल्क्य व कौटिल्य यांच्या ग्रंथांत होतें, आणि ते ग्रंथ आमच्याच कपाटांत होते. उशिरां कां होईना, तें येथें नमूद करून हा लेख पुरा करितों.